पानांचं पाणी

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात धुरपताबाईच्या तोंडाला कुणी लागत नसे. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात बिडीसाठीच्या तेंदूपत्त्याच्या फळीवरचा ठेकेदाराचा मुन्शी लागला.

फळी म्हणजे पानांचे पुडे मोजून वाळत घालायचं उघडं मैदान. तिथला नियम असा, की जिनं पुडे आणले तिनं मोजणी होईपर्यंत आपल्या ओळीमागं उभं राहायचं. सावलीत गेली तर तिचे पुडे मोजायचे नाहीत. मुन्शी मात्र मोहाच्या झाडाखाली खाटेवर लवंडलेला. हा नियम ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला त्या तापल्या रेतीत अनवाणी उभं करायला हवं होतं.

त्या दुपारी धुरपताबाईची सून भागीरथा आधी पोटऱ्या चोळू लागली. मग तिला ओकारी आली. घामानं निथळत होती, पण अंग गार आणि चेहरा पांढराफटक. बघता बघता ती कोसळली.

"नाटक करून राह्यली," मुन्शी म्हणाला.

आमच्यातल्या बायकाही शहाण्याच. म्हणाल्या, तापल्या जिवावर पाणी टाकू नका, बाधते.

"मांगच्या उन्हाळ्यात सीताले असंच कोरडं ठेवलं आपण," धुरपताबाई म्हणाली. "कुठी आहे आता सीता?"

सीता याच फळीवर ऊन लागून मेली होती.

धुरपताबाईनं सुनेला ओढत मोहाखाली आणलं, लुगडं सैल केलं, पायांखाली पोतं दिलं आणि ड्रमकडे वळली. पोती भरण्याआधी वाळल्या पुड्यांवर पाणी शिंपडतात, पानं तुटू नयेत म्हणून. ड्रम त्यासाठी भरलेला.

"ते पानाचं पाणी आहे, बाई," मुन्शी म्हणाला.

"पानाले उद्या दे, भाऊ. हे पोर उद्यापर्यंत राह्यत नाई."

तिनं भागीरथाला नखशिखांत भिजवलं, पदरानं वारा घातला. डोळे उघडून ती नीट बोलू लागल्यावर मिठाची पेज घोटघोट पाजली. चेहऱ्यावर रंग आला. भागीरथानं विचारलं, "माहे पुडे मोजले का?" आणि ओळीमागं जायला उठू लागली.

तेव्हा धुरपताबाईला रडू कोसळलं.

"जिचे पुडे, तिनंच उभं राह्यचं," मुन्शी म्हणाला. एवढं बघूनही! माणूस होता की दगड?

धुरपताबाई सुनेचे पाय मांडीवर घेऊन बसून राहिली. मग एकेक करत आम्ही आपापल्या ओळी सोडून तिच्याशेजारी जाऊन बसलो. मुन्शीनं ओरडून धमकावलं. कुणी उठलं नाही. शेवटी, न मोजता पानं वाळत घालता येईनात म्हणून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून तो एकटाच उन्हात उतरला आणि त्यानं सगळ्या ओळी मोजल्या, भागीरथाचीसुद्धा.