व्हर्नाच्या पायाला अक्कल नाही

आमच्या ओहायोतल्या त्या गल्लीत व्हर्ना स्टकीला गाडी चालवता येत नाही, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. तिचा नवरा ड्वेन बसला की त्यांची तीस वर्षांची निळी गाडी गुमान चालायची. व्हर्ना बसली की पहिल्याच स्टॉपच्या पाटीशी थरथरून बंद पडायची. "हिच्या पायाला अक्कल नाही," असं ड्वेन चर्चच्या जेवणात सांगायचा आणि आम्ही बटाट्याचं सॅलड खात हसायचो. मी त्यांचा शेजारी, मीही हसलोय. आता लाज वाटते.

गाडीचं सगळं काम ड्वेन अंगणातच करायचा, दुसऱ्याला बॉनेटला हात लावू द्यायचा नाही.

व्हर्नाची बहीण ओपल चाळीस मैलांवर राहायची. तिच्याकडे जायला म्हणून व्हर्ना कितीदा निघाली आणि चौकातूनच परत आली. शेवटी तिनं गाडीचा नाद सोडला. वाचनालयातली नोकरीही सोडली, कारण रोज ड्वेननं पोहोचवायचं म्हणजे रोज त्याची बोलणी खायची. ओपल अंथरुणाला खिळली तेव्हा ड्वेनला फक्त रविवारी सवड असे, आणि नेमकी रविवारी त्याची पाठ धरायची. त्यानं तिला नेलं ते थेट अंत्यविधीला. त्या दिवशी गाडी कुठेही अडखळली नाही.

यंदा मार्चमध्ये ड्वेन घसरला, खुबा मोडला. औषधं आणायला व्हर्नालाच जाणं भाग होतं, आणि गाडी चौकात मेली. ढकलत आणली, मग तिनं मला हाक मारली.

"सोड गं तो नाद," उघड्या खिडकीतून ड्वेन म्हणाला. "औषधं अर्ल आणून देईल."

अर्ल म्हणजे मी. मी ऐकलं नाही. इंजिन नुसतं चालू ठेवलं की खोकायचं, जरा पेट्रोल दिलं की सावरायचं. म्हणजे कुठूनतरी जास्तीची हवा ओढत होतं. हवा शोधायला मी माझ्या हत्यारांच्या पेटीतून रबरी नळीचा एक तुकडा काढला.

"दे इकडे," व्हर्ना म्हणाली. एक टोक कानाला लावून दुसरं ती इंजिनभर फिरवत राहिली. "इथे फुसफुसतंय."

इंजिनाच्या मागे, हात घालून चाचपावं लागेल अशा जागी एक बारीक नळी तोटीवरून निघाली होती. आजूबाजूच्या नळ्या वाळून लाकूड झालेल्या, ओढून हलेनात. हिचं टोक मात्र मऊ, गुळगुळीत, दोन बोटांनी निघावं असं. तोटीवर ओरखडेच ओरखडे. आपसूक निसटलेली नळी अशी दिसत नाही.

व्हर्नानं नळी बसवली, इंजिन शांत झालं. काढली, ते थरथरलं. असं तिनं चारदा केलं. मग नळी बसवून ती खिडकीकडे वळली.

"दर वेळी गाडी लावली की काढून ठेवायचास?"

ड्वेननं मांडीवरची रजई सारखी केली.

"तू गेली असतीस तर परत आली नसतीस," तो म्हणाला.

"आले असते रे," व्हर्ना म्हणाली. "तेव्हा आले असते."

औषधांची चिठ्ठी माझ्या हातात देऊन ती गाडीत बसली. चौकातल्या पाटीशी गाडी नीट थांबली, इंजिन चालूच होतं. औषधांचं दुकान उजवीकडे आहे. ती डावीकडे वळली.