नाकतोड्याच्या मागे

फोटोग्राफरशी दोस्ती केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते अंगावर येऊन पडतात! आमचे दत्तोपंत त्यातलेच. परभणीत स्टुडिओ होता, पण नवरा-नवरीपेक्षा किड्यांवर जीव जास्त. निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष. हिंदुस्थानची फौज येणार, असं जो तो दबक्या आवाजात बोलायचा, आणि हे भल्या सकाळी विश्वनाथअप्पांच्या बागेत नाकतोड्यापुढे पालथे पडलेले!

अप्पा आमचे किराणा दुकानदार मित्र. त्यांचा धाकटा भाऊ शिवाप्पा निजामाविरुद्धच्या चळवळीत होता आणि त्याच बागेतल्या खोपीत लपला होता. सापडला असता तर दोघंही भाऊ तुरुंगात. मी म्हणायचो, दुसरी बाग बघा.

"किडे इथंच चांगले हायेत!" दत्तोपंतांचं उत्तर ठरलेलं.

*

किडा मोठा दिसावा म्हणून त्यांनी कॅमेऱ्याला पुठ्ठ्याची लांब नळी जोडली होती. आत उजेड कमी जायचा, म्हणून भिंग बराच वेळ उघडं ठेवावं लागे. वेळ मोजायला अप्पांचा जप! डोळे मिटून 'ॐ नमः शिवाय' सुरू. पण रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की जप पळत सुटायचा आणि फोटो काळाकुट्ट!

"अप्पा, महादेवाला गाडी पकडायची हाय का?"

"तुमाला किडा दिसायलाय, मला पोलीस दिसायलाय!"

*

एकदा शिवाप्पा चळवळीच्या कामासाठी पालमला जाऊन सुखरूप परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचा जप कधी नव्हे तो सावकाश झाला. फोटो असा उतरला की नाकतोड्याच्या मिशा मोजून घ्याव्यात! दत्तोपंतांनी तो भलामोठा करून स्टुडिओत टांगला.

*

झरीचे एक पाटील फोटो काढायला आले आणि समोरचा नाकतोडा बघून खुर्चीतून ताडकन उठले.

"ह्यो कुठं घावला? ह्यो ज्वारी न्हाई, आमालाच खाईल की!"

ते फोटो न काढताच गेले. जाताना वाटेत भेटेल त्याला सांगत गेले. आम्ही पोट धरून हसलो.

अप्पा मात्र हसत नव्हते. चष्मा लावून ते फोटोजवळ गेले होते. नाकतोड्याच्या मागे धुरकट उंच काहीतरी होतं, आणि त्याचा एक खांदा खाली झुकलेला, थेट शिवाप्पासारखा. जप चालू असताना शिवाप्पा खोपीबाहेर आला होता. अप्पांचे डोळे मिटलेले, आमचे नाकतोड्यावर!

"सगळा गाव वळखतो तो खांदा," अप्पा पुटपुटले. "काढा, आधी खाली काढा!"

दत्तोपंत स्टुलावर चढले, तोच दारात पोलीस ठाण्याचे मुख्य, अमीनसाहेब उभे! पाटलांचा राक्षसी नाकतोडा त्यांच्या कानावर गेला होता.

*

अमीनसाहेब फोटोपुढे उभे राहिले. नाकतोडा पाहिला. मग नजर मागे गेली आणि तिथंच थांबली. अप्पांचे ओठ भराभर हलत होते.

"पीछे कौन है?"

"झाड हाय साहेब," दत्तोपंत म्हणाले. "जवळचं धरलं की लांबचं पुसून जातं. कोण हाय ते कुनालाच कळत न्हाई."

"किसी कू बी नहीं?"

"न्हाई साहेब."

अमीनसाहेबांनी वळून अप्पांकडे बराच वेळ पाहिलं. मग दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दत्तोपंत, हिंदुस्थान की फौज आ रही बोलते. हमारी बी एक निकालो. मगर हमकू इस टिड्डे के पीछे खड़ा करो."