राखून ठेवलेला हात

काच कापताना दादा बोलत नसे. हिरकणीची, म्हणजे टोकाला हिऱ्याचा कण बसवलेल्या कलमाची, रेघ एका दमात ओढायची असते. मध्ये थांबायचं नाही. रेघ नीट बसली की बारीक, सलग करकर ऐकू येते. दादा डोळ्यांपेक्षा कानाने जास्त कापायचा. मग काच टेबलाच्या कडेशी आणून हलकेच दाबायची. टक्. दोन तुकडे.

त्याचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. मी एम.ए.चं प्रमाणपत्र फ्रेम करायला गेले, तेव्हापासून तो मला एमे म्हणतो. “काय एमे, नोकरी लागली की अजून वाचतेच आहेस?” तो एक्केचाळीसचा, मी चोवीसची. तरी मैत्री झाली.

मागच्या वर्षी त्याच्या उजव्या अंगठ्याखालचं मांस फडफडायला लागलं. वहिनी म्हणाली, “अहो, हातात बेडूक पाळलाय की काय?” आम्ही हसलो. तोही हसला. तीन आठवडे झाले तरी फडफड थांबेना, तेव्हा तो मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे गेला.

डॉक्टरांनी सुया टोचून तपासलं. मुठीचा जोर मोजायच्या यंत्रावर आकडा आला अडतीस. डॉक्टर म्हणाले, “थोडा बदल दिसतोय. कदाचित काहीच नसेल. कदाचित मोठ्या आजाराची सुरुवात असेल. आज सांगता येणार नाही. सहा महिन्यांनी या.”

दादाने आजाराचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. ते त्याने घरी येऊन फोनवर शोधलं. आधी हात जातात, मग पाय, मग गिळणं.

त्यानंतर तो स्वतःला तपासत राहिला. सकाळी आरशात जीभ. मग चवड्यांवर उभं राहणं. सदऱ्याची बटणं लावायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघणं. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि हा टेबलाखाली बोटं मोजत असायचा.

आणि मग त्याने ठरवलं, उजवा हात राखायचा.

“जेवढं बळ उरलंय तेवढं पुरवून वापरायचं,” तो म्हणाला. चमचा डाव्या हातात गेला. कुलूप डाव्या हाताने. काचा घाऊक दुकानातून कापून यायला लागल्या.

वहिनी चिडली. “हात म्हणजे काय अत्तराची बाटली आहे, थेंब थेंब वापरायला?”

मला मात्र त्याचं पटलं होतं. मी त्याची पिशवीसुद्धा उचलायचे. हे लिहिणं अवघड जातंय.

सहा महिन्यांनी त्याच्याबरोबर मी गेले, कारण वहिनीला दुकान सांभाळायचं होतं. यंत्रावर आकडा आला सत्तावीस. दादा पांढराफटक पडला. डॉक्टरांनी सुयांची तपासणी पुन्हा केली. ती जवळजवळ पहिल्यासारखीच होती. त्यांनी विचारलं, “काम काय करता?”

“काच कापतो.”

“रोज?”

“सध्या नाही. सहा महिने झाले. हात राखून ठेवलाय.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “अहो, मग हा आकडा मी कशात धरू? आजाराने हात असाच बारीक होतो. नुसता ठेवला तरी असाच होतो.” त्यांनी पेन पुन्हा उचललं. “काम सुरू करा. तीन महिने करा. हात भरून आला तर चांगलंच. नाही आला तर पुढचं बोलू.”

जिन्यात दादा म्हणाला, “म्हणजे कापायला लागलो की कळणार.”

“हो. बरंच झालं ना?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मला तेव्हा समजलं नाही.

वहिनीने टेबल पुसलं. नवी काच मांडली. हिरकणी रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. पहिल्या दिवशी तो म्हणाला, उजेड कमी आहे. तिने दिवा आणला. दुसऱ्या दिवशी टेबल उंच वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याने हिरकणी हातात घेतली, काचेवर टेकवली आणि उचलून ठेवून दिली.

“अहो, एकच रेघ,” वहिनी म्हणाली. “वाकडी आली तर मी लपवते. कुणाला सांगत नाही.”

“माझ्यापासून कशी लपवशील?”

“पण बसून काय होणार?”

“कापत नाही तोवर मला काही झालेलं नाही,” तो शांतपणे म्हणाला.

काचेवर धूळ बसली. वहिनीने दोनदा पुसली, नंतर सोडून दिलं. तीन महिने गेल्या सोमवारी संपले. तो डॉक्टरांकडे गेला नाही.

आज दुपारी वहिनीचा फोन आला. “तू तरी सांग गं त्यांना. माझं ऐकणं त्यांनी केव्हाच बंद केलंय.”

मी गेले. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं. दादा काउंटरमागे बसला होता. मला बघून त्याने स्टूल पुढे सरकवलं.

“बरं झालं आलीस, एमे. तुझी बोटं दे. मी दाबतो.”

मी हात पुढे केला. त्याने उजव्या हाताने माझी बोटं धरली आणि डोळे मिटून दाबली. त्याचा तळवा मऊ झाला होता. पूर्वी तिथे घट्टे होते.

“खरं सांग. कालच्यापेक्षा कमी आहे?”

मागच्या दारात वहिनी उभी होती.

“नाही,” मी म्हणाले. “कालच्याएवढंच आहे.”

त्याने सुस्कारा सोडला आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला. काल मी आलेच नव्हते; चार दिवसांनी आले होते.