मढ्याची चाल

“पडद्याआड उभं राहिलं की लाजायचा प्रश्नच येत नाही, वहिनी,” असं भिंग एकदा बोलून गेला होता. वहिनीनं सहज विचारलं होतं, “भाऊजी, इतकी वर्षं त्या नाटकवाल्यांत जाता, पण तुमच्या तोंडाला कधी रंग लागलेला दिसला नाही, तो का?” त्यावर त्याचं हे उत्तर. वहिनी हसली, दादा हसला, विषय तिथंच मिटला. ज्याला लाजायचा प्रश्न येत नाही त्याच्या तोंडी लाजेची गोष्ट आलीच कशी, हे कुणी विचारलं नाही.

भिंग हे काही त्याचं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत तो काचा घासायचा. पुढं मालक गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमी चढवून त्यांना आरसा दाखवायचा, आणि मागं हा खिडकीपाशी फिरत्या दगडावर काच धरून बसलेला. दगडावर थेंबथेंब पाणी गळायचं, काचेचा पांढरा गाळ नखांत जाऊन बसायचा. काच घासायची, फ्रेमीत लावून बघायची, काढायची, पुन्हा केसाएवढी घासायची. कमी घासली तर बसत नाही आणि जास्त घासली तर गेली. या कामानं त्याला एक खोड लागली होती, टक लावून बघायची. समोरचा बोलायला लागला की हा त्याच्या ओठांचा कोपरा बघत बसायचा. मंडळींनी त्याचं भिंग केलं ते त्यामुळं.

मंडळ हौशी. कुणी कचेरीतून, कुणी दुकानाचं शटर ओढून तालमीला यायचं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तालीम चालायची. भिंग तिथला प्रॉम्प्टर. विंगेत एक खुर्ची, मांडीवर नाटकाचं बाड, बाडावर वाकवलेला छोटा दिवा. मुख्य भूमिका नेहमी औषधाच्या दुकानदाराकडं. त्याला सगळे हिरोच म्हणायचे. हिरो वाक्य विसरला की भिंगाकडं न बघता विंगेच्या बाजूला एक पाऊल सरकायचा आणि भिंग ते वाक्य अलगद त्याच्या कानात सोडायचा. मग टाळ्या पडायच्या.

“गड्या, यातली अर्धी टाळी तुझी,” हिरो नंतर पाठीवर थाप मारायचा.

“असू दे. तुझ्याकडंच ठेव,” भिंग म्हणायचा आणि बाड गुंडाळायचा. पण घरी जाताना ती अर्धी टाळी त्याच्या अंगाला खडबडीत कापडासारखी टोचत राहायची. सगळ्या भूमिका त्याला पाठ होत्या आणि एकही त्याची नव्हती. पन्नाशी आली, लग्न राहून गेलं, दुसऱ्यांना दिसावं म्हणून काचा घासण्यात डोळे गेले. एकदा, फक्त एकदा, लोकांनी आपल्याकडं बघावं, एवढंच त्याला हवं होतं. हे त्यानं कुणाजवळ बोलून दाखवलं नाही.

त्या वर्षी वकिलानं भयनाटक काढलं. वकील म्हणजे मंडळाचा दिग्दर्शक. कोर्टात कमी आणि तालमीत जास्त भांडायचा. एक शास्त्रज्ञ मेलेल्या माणसाला उठवतो आणि उठलेलं मढं आपल्या धन्याला शोधत हिंडतं, ही जगात हजारदा सांगितलेली गोष्ट.

“मढ्याला वाक्य नाही,” वकिलानं सांगितलं. “उठायचं, चालायचं आणि शेवटी एक शब्द बोलायची धडपड करायची. तो शब्दही फुटत नाही. ज्याला करून बघायचंय त्यानं रविवारी दुपारी यावं. वशिला चालणार नाही.”

“वाक्य नाही? मग भिंग उपाशी मरणार की!” हिरो म्हणाला, आणि सगळे खिदळले.

“मीपण येईन म्हणतो,” भिंग म्हणाला.

“अन् बाड कोण धरणार?”

“मढ्याला बाड कशाला लागतं?”

वकील त्याच्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, “ये बाबा. मेलेल्यांना कोण अडवणार?”

घरी दादा होता. दादा शाळेत कवायत शिकवायचा. गावातल्या निम्म्या लोकांचे खांदे त्यानं ताठ केले होते. वडील लवकर गेले, तेव्हापासून धाकट्याला त्यानंच वाढवलं. सायकल शिकवली ती मागून सीट धरून, धावत धावत. त्या दादाला मागच्या वर्षी झटका आला आणि उजवं अंग गेलं. जीभही जड झाली. शब्द तोंडापर्यंत यायचा आणि उंबऱ्यावर अडखळल्यासारखा आतच पडायचा.

रोज सकाळी दुकानात जायच्या आधी भिंग त्याला मधल्या लांब बोळातून चालवायचा. एका टोकाला न्हाणीघर, दुसऱ्या टोकाला चपलांचं कपाट. एक हात कमरेला, एक हात हातात. “टाक दादा. आता हा. शाबास.” वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि शेजारणीला सांगायची, “पोटचं पोर करणार नाही इतकं करतात हो भाऊजी.” ते खरंच होतं. वकिलानं नाटक काढेपर्यंत तरी निखळ खरं होतं.

नंतर भिंगानं एक फेरी वाढवली. मग तो हात सोडू लागला. कपाटापाशी जाऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, “ये दादा. एकटा ये बघू.” डॉक्टरांनीही हेच सांगितलेलं, त्यामुळं वहिनीला आनंदच झाला. दादा यायचा. पाऊल ओढत, मुठीसारखा वळलेला हात छातीशी धरून, घामाघूम होत. आणि भिंग बघायचा. पायाचा अंगठा फरशीला कुठं घासतो, मान आधी वळते की डोळे, तोंडाच्या कोणत्या कोपऱ्यातून लाळ उतरते. दमलेला दादा भिंतीला हात टेकायचा तेव्हा हा पुढं व्हायचा, पण एक क्षण उशिरा. तेवढा क्षण त्याला बघायला हवा असायचा.

संध्याकाळी तो आपल्या खोलीचं दार लावून तेच पाऊल टाकून बघायचा. आपण भावाला चालवतो आहोत की भावाची चोरी करतो आहोत, हा प्रश्न त्याला पडला नाही असं नाही. दोन्ही एकदम होतंय, तर बिघडलं कुठं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. दादाचं चालणं सुधारत होतंच ना? मनाला लाच द्यायची म्हटलं की मन फार कमी मागतं.

रविवारी हॉलमध्ये वकिलानं मागचे दिवे घालवले, पुढं एक पिवळा दिवा ठेवला. मंचावर बाक, त्या बाकावर मढं. पहिल्यांदा व्यायामशाळेतला मास्तर उठला. दोन्ही हात पुढं ताणून झोपेत चालल्यासारखा गेला. वकील म्हणाला, “हा तर पाणी प्यायला उठलाय.” मग हिरो. त्यानं अशी डरकाळी फोडली की खालून ग्रंथपाल धावत वर आला. “मढं आहे ते, वाघ नव्हे,” वकील ओरडला. “अरे, भीती आवाजात नसते! पुढं कोण?”

भिंग बाकावर आडवा झाला. छताच्या पंख्याकडं बघत पडून राहिला. मग त्याची मान वळली, डोळे मागाहून आले. डावा हात बाकाची कड शोधू लागला. उजवा हात छातीशी चिमटून राहिला. तो उठला. पाऊल उचलायला गेला आणि ते उचललं गेलं नाही, तेव्हा त्यानं ते ओढलं, आणि लाकडी फळ्यांवर चपलेची जी खरखर उठली ती ऐकून कुणीतरी श्वास आत ओढला. मंचाच्या कडेशी येऊन त्यानं तोंड उघडलं. ओठ एका शब्दाभोवती गोळा झाले, सुटले, पुन्हा गोळा झाले. हनुवटीवर ओली रेघ उतरली.

मग टाळ्या. हिरोच्यासुद्धा. आणि त्या टाळ्यांच्या वर, मागच्या अंधारातून, घोगरा, तुटका आवाज आला:

“वन्स… मो… अर!”

भिंगानं तो आवाज लगेच ओळखला. कपाळावर हात धरून त्यानं अंधारात बघितलं. शेवटच्या रांगेत वहिनी होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून, आणि तिच्या शेजारी दादा. निरोप न देता आलेले, गाडी करून, जिना एकेक पायरी चढून, कौतुकानं. दादाचा चांगला हात वर होता.

“ऐकलंत ना? मायबाप रसिकांची फर्माईश आहे!” वकील खुशीत आला. “कर पुन्हा. तोंडाचं जरा वाढव. तो शब्द आणखी अडू दे.”

इथं भिंगाला थांबता आलं असतं. दमलो म्हणता आलं असतं, खाली उतरून दादाजवळ जाऊन बसता आलं असतं. पहिल्यांदा त्यानं केलं तेव्हा भाऊ तिथं आहे हे त्याला माहीत नव्हतं. तेवढ्या अंधाराचा आडोसा त्याला नंतरही घेता आला असता. पण टाळ्या अजून कानात होत्या, आणि त्या पुऱ्या त्याच्या होत्या. शिवाय खुद्द दादाच मागतोय, असं त्याच्या मनानं चटकन पुढं केलं. तो बाकावर जाऊन आडवा झाला.

दुसऱ्यांदा ते आधीपेक्षा चांगलं झालं. होणारच. अस्सल समोर बसलं होतं. चालता चालता त्यानं शेवटच्या रांगेकडं नजर टाकून एकदा खात्रीही करून घेतली. शब्द अडवला, लाळ गाळली. या वेळीही टाळ्या पडल्या, आणि तो मान वाकवून त्या घेत राहिला.

“भूमिका तुझी!” वकील म्हणाला. “पण एक सांग, हे आणलंस कुठून? यांना कळू दे जरा.”

“आपोआप आलं,” भिंग म्हणाला.

वहिनी एव्हाना मधल्या वाटेनं पुढं आली होती. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं. आताही तिनं तो चढवला नाही.

“म्हणजे सकाळी बोळात तालीम चालायची होय, भाऊजी,” ती म्हणाली. “अन् मी मेली गावभर कौतुक सांगत फिरत होते.”

वकिलाला काही उमगलं नाही. “कसली तालीम?” तो विचारू लागला, आणि तेवढ्यात मागं खुर्ची सरकली. दादा उठला होता.

तो वाटेनं येऊ लागला. हॉलच्या फळ्यांवरही तीच खरखर. छातीशी तोच हात. रांगांतून माना वळल्या आणि वळलेल्या तशाच राहिल्या. हिरोनं खाली बघितलं. व्यायामशाळेचा मास्तर, जो लहानपणी दादाच्याच हाताखाली कवायत शिकला होता, उगाचच उभा राहिला. सगळ्यांना एकदम कळलं. भिंग मंचावर पिवळ्या उजेडात उभा होता. हनुवटी पुसायला हात वर न्यावा तरी सगळ्यांना दिसेल, म्हणून त्यानं ती तशीच ओली राहू दिली.

दादा मंचाच्या कडेशी येऊन थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर भिंगाला बरं वाटलं असतं. राग नव्हता. वर्गातल्या मुलाचं पाऊल चुकलं की यायची ती जुनी, मन लावून बघणारी नजर होती. त्यानं चांगल्या हातानं आपल्या उजव्या खांद्यावर थोपटलं.

“आ… आधी…” शब्द अडला. “आधी खां… दा. म… मग पाय.” आणि खांदा उचलून, मग पाय ओढून त्यानं एक पाऊल टाकून दाखवलं. “तू… उलटं. क… रतोस.”

म्हणजे त्याला सगळं दिसलं होतं. आत्ताचं तर दिसलंच होतं, आणि कदाचित बोळातलंही. आणि तरी तो धाकट्याची चूक दुरुस्त करत होता, कारण चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवत नसे.

“बघा! बघा!” वकील भान विसरून पुढं धावला. “याला म्हणतात बारकावा! दादा, तेवढं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवाल का? सगळ्यांना नीट बघू दे. ए, तो दिवा इकडं वळवा जरा.”

“अहो, काय बोलताय तुम्ही?” वहिनी म्हणाली.

पण दादा मागं वळला होता. त्याला शिकवायला बोलावलं होतं, झटक्यानंतर पहिल्यांदाच. त्यानं पाठ जमेल तितकी ताठ केली आणि दिव्याच्या उजेडात जाऊन उभा राहिला. मग त्यानं मंचाकडं बघितलं, धाकटा खाली उतरून येईल म्हणून, आणि चांगला हात थोडासा पुढं केला.

भिंग मंचावरून उतरला, विंगेच्या बाजूनं. खुर्चीवर त्याचा कोट होता, तो त्यानं घेतला नाही. भिंतीला लागून, कुणाच्या डोळ्यांत न बघता तो जिन्याच्या दारापर्यंत गेला. मागं फळ्यांवर पहिलं पाऊल ओढलं गेलं, आधी खांदा, मग पाय. त्यानं दार उघडलं आणि तो बाहेर पडला.