आधी माझी दाढ

आम्हा नवरा-बायकोची अक्कलदाढ एकाच महिन्यात किडली. तिची जास्त. पंधरा दिवस ती लवंगेच्या तेलावर आणि एका गालानं जगत होती, पण ऑपरेशन म्हटलं की ती विषय बदलायची. शेवटी ठरलं, आधी मी. "तुमास्नी न्हाय दुखलं, तर गुरुवारी मी जाते," ती म्हणाली.

राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी प्लास्टिकचा जबडा उघडून मला सगळं समजावलं आणि सूचनांचा कागद दिला. गरम नको, तिखट नको, कमी बोला. मी शहाण्यासारखी मान डोलावली. डोक्यात काही शिरलं नाही, कारण माझी नजर सुईवर होती. बाहेर बाकावर गगनबावड्याकडचे एक गृहस्थ गाल धरून बसले होते. त्यांचं मात्र एका वाक्यात कळलं. "पावणं, माज्या मेव्हण्याचा जबडाच निखळला की!" मी घाबरलो. पळणारच होतो, पण तेवढ्यात आतून हाक आली.

आत एक टोचणी आणि थोडी ओढाताण. आता सुरू होईल म्हणून मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो, तर बाई म्हणाल्या, "झालं, उठा."

संध्याकाळी गल्ली बघायला आली. आमच्याकडे आजाऱ्याला मोकळ्या हातानं कुणी बघत नाही. तिखट नको म्हणून शेजारच्या काकूंनी तांबडा रस्सा घरी ठेवून पांढरा आणला होता, कढत. "लई तरास झाला आसंल?" त्यांनी आशेनं विचारलं.

काहीच झालं नाही, हे ऐकायला माणसं जिना चढून येत नाहीत. मी म्हणालो, "हातोडी लावली. दोघांनी दाबून धरलं मला." सगळ्यांचे चेहरे खुलले. मग मलाही चेव आला. रस्सा निवेपर्यंत दाढेची मुळं दोनाची चार झाली. कमी बोलायची सूचना तेवढी राहून गेली.

मंडळी गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. बायको फोनवर होती. "गुरुवारचं माजं नाव काढा, बाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्यासमोर बसून मी खरं ते सांगितलं. हातोडी नव्हती, कुणी धरलं नाही, काहीच दुखलं नाही. देवीची शपथसुद्धा घेतली.

तिनं लवंगेच्या तेलात कापूस बुडवला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माज्यासाठी खोटं बोलताय, कळतंय की मला."