शेठ कॅमेऱ्याकडे बघतो

१९ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी धुके, नंतर ऊन. रक्षाची मंडळी अंगणात शूटिंगला आली. तुळशीजवळच्या कुंड्या हलवाव्या लागल्या. डोमाजींनी येताना मेथी आणली. त्यांचा प्रसंग दुपारभर घेतला, मनासारखा झाला नाही. रक्षा न जेवता झोपली.

सिंदी मेघेच्या शकुंतलाबाईंनी त्या दिवशी रोजनिशीत एवढेच लिहिले. पण दुपारभर डोमाजींच्या जिवाची जी उलघाल झाली, ती अंगणातल्या प्रत्येकाने पाहिली होती.

डोमाजी म्हणजे भाजीवाले. वस्तीच्या मागे त्यांचे वांगी-मेथीचे वावर होते. सकाळी सायकल घेऊन गल्लीत शिरत आणि अशी हाळी देत की शेवटच्या घरातली बाई पदराला हात पुसत बाहेर यायची. तो आवाज भाजी विकून आलेला नव्हता. पूर्वी दिवाळी सरली की त्यांच्या गावात दंडार उभी राहायची. पडदा नाही, माईक नाही. चौकात लोक गोल बसायचे, मधे ढोलकी, आणि गावातलेच गडी राजा, राणी, राक्षस व्हायचे. डोमाजी राक्षस व्हायचे. त्यांनी आरोळी ठोकली की आयांच्या मांडीवरची पोरे रडायला लागत, आणि त्या रडण्यावर डोमाजी वर्षभर खूश असत. पुढे ढोलकीवाले प्रभाकरराव वारले, तरणी पोरे पुण्या-नागपूरला गेली आणि दंडार बसली. तेव्हापासून डोमाजींचा राक्षस वावरात वांग्यांनाच दम देत फिरत होता.

शकुंतलाबाईंची नात रक्षा पुण्याला सिनेमा शिकली आणि घरी येऊन ‘गठाणवीर’ करायला बसली. गोष्ट हिंगणघाटच्या बाजूच्या एका जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातल्या, हमालाची. आग लागते, माल चोरीला जाऊ नये म्हणून शेठ बाहेरून फाटकाला कुलूप घालतो, आणि आत कापसाची गठाण हमालाच्या अंगावर कोसळते. तो मरत नाही. उठतो, आणि उठतो तेव्हा ती गठाण त्याच्या हातात पेळूसारखी हलकी झालेली असते. वीर वीर कसा झाला, एवढाच सिनेमा.

हमाल झाला होता निकेश. जाम गावच्या चौकात त्याचे टायरचे दुकान आहे आणि दंड टायरएवढेच आहेत. त्याची बहीण झाली शाळेत शिकवणारी हर्षा. आणि शेठ कोण, हे रक्षाने डोमाजींची हाळी ऐकताच ठरवून टाकले होते.

डोमाजींनी मिशा वाढवल्या. आठवडी बाजारात सांगून झाले. भाव विचारणाऱ्यालाही आधी सिनेमा सांगत आणि मग भाव. बायको गोपिका म्हणाली, “वांगे सडून राह्यले, अन् शेठजी बाजारात मिशा दाखवून राह्यले.”

आणि शूटिंगच्या दिवशी हे असे झाले. शेठ हमालाला दम देतो, एवढा साधा प्रसंग. निकेश समोर उभा. डोमाजींनी पहिला शब्द निकेशकडे बघून टाकला, आणि दुसऱ्या शब्दाला गर्रकन कॅमेऱ्याकडे वळले.

“काका, कॅमेऱ्यात नका बघू. निकेशशी बोला,” नागपूरहून आलेला कॅमेरामन रत्नदीप म्हणाला.

“निकेशले काय सांगू? त्यानं तं कागद वाचला हाय. त्याले सारं मालूम हाय.”

“पण शेठ त्याच्याशीच बोलतोय ना?”

“शेठ त्याच्याशी बोलते, बरोबर हाय. पन ज्याईले मालूम नाई, त्याईले कोन सांगन?”

मंडळी हसली. डोमाजी हसले नाहीत, कारण त्यांना खरेच कळत नव्हते. दंडारीत सोबत्याशी बोलायचे नसते. बोलायचे गावाशी. आणि बोलून झाले की थांबायचे, कारण गाव उत्तर देते. इथेही ते वाक्य संपवून थांबत, कॅमेऱ्याकडे बघत राहत, आणि कॅमेरा काही बोलत नसे. दुपार अशीच गेली.

कॅमेऱ्याचा सारा खर्च उचलला होता हिंगणघाटचे कापडवाले अण्णाजी यांनी. ते खुर्चीतून उठले. “रक्षा, हा सिनेमा हाय, गणपतीतला कार्यक्रम नाई. नागपूरचा एक नट माह्या ओळखीचा हाय. पुढच्या रविवारी फाटकाचा सीन हाय ना? तवा जमलं तं ठीक. नाई तं त्याले बोलावतो.”

डोमाजी कोपऱ्यात मेथीची पिशवी रिकामी करत होते. त्यांनी सगळे ऐकले.

आठवडाभर वावरात तालीम चालली. गोपिकेला बांधावर उभी करून डोमाजी तिला दम देत. वाक्याच्या मधेच त्यांची मान वळे आणि पुढचा दम शेजारच्या वावरातल्या म्हशीला बसे.

“माह्याकडं पाहा न,” गोपिका म्हणे.

“पाहून राह्यलो न वं.”

“काय पाहून राह्यले. लगन झालं तवापासून माह्याशी बोलतानी बी तुमी गावाकडंच पाहता. आता शेठ होऊन काय पाहान?”

डोमाजी बांधावर बसले. “गोपे,” ते म्हणाले, “दंडार बसली तवापासून माह्यासमोर कोनी बसलंच नाई. आता कुठं एक डोळा समोर आला, तं म्हन्ते त्याच्याकडं पाहू नको.”

गोपिकेने थट्टा थांबवली. “असं करा,” ती म्हणाली, “त्या पोराच्या कपाळाकडं पाहा. डोळ्यात नका पाहू. म्हंजे लाज नाई वाटनार.”

त्या रविवारी सव्वीस जानेवारी होती. झेंडावंदन उरकून मंडळी हिंगणघाटला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये जमली. फाटक, कुलूप, मागे धूर. डोमाजींनी निकेशच्या कपाळावर नजर रोवली आणि वाक्य म्हटले. मान वळली नाही. शब्द चुकला नाही.

“जमलं,” अण्णाजी म्हणाले.

जमले होते, पण शेठ मेला होता. आवाज असा होता, जणू कोणी रेशनच्या दुकानात नाव सांगतो आहे. डोमाजींनाही ते कळले. त्यांनी कुलूप खाली ठेवले आणि म्हणाले, “बोलवा तुमच्या नटाले.”

तेव्हा धुरात उभा असलेला निकेश बोलला. “रक्षाताई, खरं सांगू? मागच्या रविवारी काकाजी कॅमेऱ्याकडं पाहत होते, तवा मले भेव वाटे. आज नाई वाटलं. भेव नाई वाटलं तं मी गठाण कायले उचलू?”

रक्षाने खाली ठेवलेले कुलूप उचलून डोमाजींच्या हातात दिले. मग म्हणाली, “ठीक आहे. सगळे एकमेकांकडे बघतील. फक्त शेठ लोकांकडे बघेल. डोमाजी काका, दंडारीत करायचा तसं करा.”

“थांबायचं बी?”

“थांबायचंही.”

“लोकं हासतील,” अण्णाजी म्हणाले. “हिंगणघाटात पहिला खेळ दाखवू. हासले, तं शेठचे सारे सीन नव्या नटाकडून. मंजूर?”

रक्षाने डोमाजींकडे बघितले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि मान हलवली.

खेळ एप्रिलमध्ये झाला, भर दुपारी, लग्नाच्या हॉलमध्ये. बाजारातले लोक आले, जिनिंगचे जुने हमाल आले. डोमाजी मधल्या रांगेत बसले, शेजारी गोपिका, पुढे अण्णाजी. पडदा म्हणजे ताणलेली पांढरी चादर.

निकेशचे बोलणे सुरुवातीला ताठ होते, पण तो ओझ्याखाली वाकला तेव्हा मागचे हमाल एकमेकांना कोपराने ढोसायला लागले. वाकताना त्याने आधी गुडघे मोडले होते आणि मान बाजूला घेतली होती. महिनाभर तो त्यांच्याकडूनच ते शिकला होता. हर्षा वर्गात बोलावे तशी बोलत होती, आणि बहीण थोरली असल्याने ते शोभून गेले. भावाला शोधत ती फाटकावर मुठी आपटते, तेव्हा हॉलमधली पोरे गप्प झाली.

मग पडदाभर डोमाजी आले. मागे धूर, हातात किल्ली. शेठने हमालाकडे पाठ केली, हळूच मान वळवली आणि सरळ हॉलमध्ये बघितले.

“फाटक मी लावलं. कुंजी माह्याजवळ हाय. उघडाची कोनाची हिंमत हाय?”

आणि थांबला.

पडद्यावर शेठ बघतो आहे. हॉलमध्ये पंख्यांची घरघर. खुर्चीत बसलेल्या डोमाजींना वाटले, जमीन फाटून पोटात घेईल तर बरे. पुढे अण्णाजींची मान हलली. कुठेतरी एक पोरगा फिस्सकन हसला. गोपिकेने नवऱ्याचे मनगट धरले.

शेठ अजून थांबलेलाच होता.

“माही हाय!” मागून एक म्हातारा हमाल उठून ओरडला. “उघड फाटक!”

“उघड!” दुसरा. मग बायका, मग पोरे. हसलेला पोरगा खुर्चीवर चढला. “उघड बे, उघड!” सारा हॉल शेठला शिव्या घालत होता, आणि नेमक्या त्या गलक्यात पडद्यावरच्या गठाणीखाली निकेशचे बोट हलले. मग हात. मग गठाण वर उठली. लोकांना वाटले, आपणच ती उचलली. शिट्ट्या, टाळ्या, कोणी रुमाल उडवला. वीर फाटक तोडून बाहेर आला तेव्हा निम्मे लोक उभे होते, आणि अण्णाजी त्यांच्यात सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते.

खेळ संपल्यावर डोमाजींना दारापर्यंत पोचता येईना. भाजीबाजारातली एक बाई कमरेवर हात देऊन पुढे आली. “डोमाजी, तुमच्या हातचे वांगे आता मी घेत नाई. मानसं जाळता तुमी.”

“नको घेऊ,” डोमाजी म्हणाले. त्यांनी आनंदाने मिशीला पीळ दिला. म्हातारा हमाल येऊन त्यांच्या पाठीत धपाटा घालून गेला.

अण्णाजी गर्दीतून वाट काढत आले. फोन कानाला होता. “हो जी, नाई, नाई. आमचा शेठ आमच्या गावचाच राहन. तुमी नका येऊ.” फोन खिशात टाकून ते डोमाजींना म्हणाले, “नागपूरले खेळ हाय पंधरवड्यात. मिशा नका काढजा.”

शकुंतलाबाई त्या दिवशी खेळाला गेल्या होत्या, रक्षासोबत गाडीने परतल्या. संध्याकाळी त्यांनी रोजनिशीत खेळाची हकिगत चार ओळींत लिहिली, आणि खाली शेवटची ओळ: सकाळचा भात होता, लसणाची फोडणी देऊन दोघींनी तोच खाल्ला.