दोन घरच्या गोळ्या

लातुरात शिकवणीच्या वर्गांची जी गल्ली आहे, तिथं मी जीवशास्त्र शिकवतो. हृदयाच्या पेशीतली वीज हा माझा आवडता भाग. परीक्षेत त्यावर फारसं विचारत नाहीत, म्हणून पोरं पेनं खाली ठेवतात, आणि माझं डोकं फिरतं. तरी मी फळ्यावर आलेख काढतोच. आधी सोडियम पेशीत घुसतं, रेघ सरळ वर जाते. ती खाली यायच्या आधी मध्येच आडवी चालते, कारण तेवढा वेळ कॅल्शियम आत येत असतं. बाहेरून येणारं कॅल्शियम थोडंच असतं. पण पंगतीत एकजण उठला की सगळी पंगत उठते, तसं ते थोडं पेशीच्या आतल्या कोठारातला साठा उठवतं, आणि पेशी आवळते. मग कॅल्शियम परत जागेवर जातं, पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी सैलावते. "सर, हे परीक्षेला हाय का?" असं कुणीतरी विचारतंच. न्हाई, म्हणतो मी, छातीत हाय.

माझ्या आईला आम्ही अव्वा म्हणतो. उदगीरकडची माणसं आम्ही, अर्धी कानडी. वडील गेल्यापासून अव्वा काही महिने माझ्याकडं लातूरला आणि काही महिने माझ्या थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं, नांदेडला राहते. अक्का आणि मी बोलत नव्हतो. वडिलांना शेवटी नांदेडच्या दवाखान्यात न्यावं असं तिचं म्हणणं होतं. मी लातूरलाच ठेवलं, आणि ते गेले. भेटायला आलेल्या चार लोकांत तिनं मला ते ऐकवलं. मीही ऐकून घेणाऱ्यातला नव्हे. त्या दिवसापासून आमचे निरोप अव्वाच्या तोंडून जायचे, आणि अव्वा त्यातला निम्मा मजकूर वाटेत गाळायची.

तिचा एक नियम होता: एका घरचं दुसऱ्या घरी सांगायचं न्हाई. जावाजावांच्या भरल्या घरात तिनं उभा जन्म याच नियमावर काढला होता. इथं आली की अक्काच्या घरातलं चकार शब्द नाही, तिथं गेली की आमच्या घरातलं नाही. मला ते बरंच वाटायचं. उगी डोक्याला ताप कशाला!

अव्वाला मधूनमधून छातीत धडधड व्हायची. इथल्या डॉक्टरांनी तिला एक गोळी लावली, पेशीचं कॅल्शियमचं दार अर्धवट ओढून घेणारी. ठोका जिथं सुरू होतो, आणि जिथून तो हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली जातो, तिथल्या पेशी कॅल्शियमवरच चालतात. दार ओढलं की ठोक्याची घाई कमी होते. मला ती गोळी फार पटली. माझ्याच धड्यातली होती ना. मी अव्वाला सगळं समजावून सांगितलं. तिनं "बरं" म्हणून पाकीट कंबरेच्या चंचीत टाकलं. चंची म्हणजे पानसुपारीची कापडी पिशवी, कप्प्याकप्प्यांची. तिला हात लावायची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

गेल्या वर्षी नांदेडहून ती परत आली. त्या आठवड्यात एका सकाळी मेथी निवडता निवडता तिनं भिंतीला पाठ टेकवली. "डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली रे," म्हणाली. मी नाडी धरली. एक ठोका लागला, आणि पुढचा येईना. इतका वेळ येईना की मी तिच्या तोंडाकडं बघितलं. मग आला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. ईसीजीची पट्टी बघून म्हणाल्या, "वरच्या कप्प्यांचा निरोप खाली पोचत नाही. गोळी कोणती घेतात?"

मी नाव सांगितलं, ती काय काम करते तेही सांगितलं.

"एवढ्या कमी डोसनं सहसा इतकं होत नाही. आणखी काही?"

"नाही."

"नक्की?"

"माझ्या घरात मला माहीत नसलेली गोळी येत नाही," मी जरा तडकूनच म्हणालो.

त्यांनी मान वर केली नाही. "याआधी कुठं होत्या?"

नांदेडला, बहिणीकडं, म्हणालो. मी अव्वावर वाकलो. "अव्वा, अक्कानं गोळी दिलती का?" तिनं डोळे उघडले. ओठ पांढरे पडलेले. "तिच्या घरचं तिला इचार," म्हणाली आणि पुन्हा मिटले. जीव चाललेला, आणि अव्वाचा नियम चालूच.

बाहेर येऊन मी अक्काचा नंबर लावला. तिनं लगेच उचलला. हॅलो नाही, काही नाही.

"अव्वा गेली का?" ती म्हणाली.

मी फोन करतोय म्हणजे दुसरं कारण असणारच नाही, हे तिनं धरूनच टाकलं होतं.

"न्हाई, हाय," मी म्हणालो. "धडधडीची गोळी कोणती देतेस तिला?"

तिनं घाईघाईनं नाव वाचून दाखवलं. "म्हणजे तूबी देतोस का? माझ्यासमोर कधी खाल्ली न्हाई तिनं."

माझ्यासमोर अक्काची खाल्ली नव्हती. दोन्ही पाकिटं चंचीत होती, वेगवेगळ्या कप्प्यांत, आणि दुसऱ्या घरची ती गुपचूप खात होती. एकेकटी गोळी दोन्हीकडची चांगलीच होती. माझी दार ओढून घेत होती, आणि अक्काची दार उघडायला सांगणाऱ्या ॲड्रेनलीनला गप्प करत होती. दोन्ही मिळून अव्वाचा ठोका अडला होता.

मी आत जाऊन नाव सांगितलं. डॉक्टर बाईंनी शिरेतून हळूहळू कॅल्शियम सोडलं, बाकीची औषधं दिली, बाहेरून ठोका द्यायला हृदयापर्यंत घालायची तारही तयार ठेवली. मी पडद्यावरच्या रेघेकडं बघत उभा राहिलो. इतकी वर्षं फळ्यावर काढलेली रेघ कुणाचीच नव्हती. ही अव्वाची होती. मला भीती वाटत होती. कॅल्शियमनं की कशानं कोण जाणे, पण दुपारनंतर वरचा ठोका खाली पोचायला लागला. तार घालावी लागली नाही. संध्याकाळी अक्का आली आणि अव्वाच्या पायाशी बसली. मी चहा आणला, तिनं घेतला. बोललो नाही.

डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या तूर्त बंद केल्या. अव्वाला घरी आणलं त्या दिवशी अक्काही होती. मी विचारलं, "अगं, दोन्ही कशाला खात बसलीस?"

"एकाची खाऊन एकाची टाकली असती, तर टाकलेल्याला काय वाटलं असतं?"

अव्वा आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग म्हणाली, "मी मेले असते तर तरी बोलला असता का रे दोघं?"

"बोललो असतो की," अक्का म्हणाली. "कुणाच्या गोळीनं गेलीस, यावर. जन्मभर."

मी हाव, खरंय, म्हणालो. खोटं काय होतं त्यात?

अव्वानं चंची सोडून अक्कापुढं सरकवली. अक्कानं कप्पे उघडून दोन्ही पाकिटं माझ्या हातावर ठेवली, आणि अव्वासाठी पानाला चुना लावायला बसली.